चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आणि ब्लॉगवर आलेली आपल्या भागातली माणसं

मी आमच्या भागापुरता ब्लॉग लिहिते. कुठला रस्ता खोदलाय, बसचा थांबा कुठं हलवलाय, वाचनालयाची वेळ बदलली का, एखादी जुनी इमारत मुळात कशासाठी बांधली होती, असलं सगळं. असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की माहिती असते की आपला वाचक मोजकाच असणार, सगळ्या जगाने येऊन वाचावं असं त्यात काही नसतं आणि तशी अपेक्षाही नसते, पण ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना तरी हा ब्लॉग आहे हे कळावं ना. आणि नेमकं तेच होत नाही. शेजारच्या गल्लीतल्या माणसाला पत्ता नसतो. तो दिवसभर फोनवर व्हिडिओ बघतो, ग्रुपवरचे मेसेज वाचतो, आपण जे दोन दिवस फिरून, विचारपूस करून लिहिलंय त्याचीच चौकशी ग्रुपवर करत असतो, पण ब्लॉग त्याच्या वाटेतच येत नाही.

म्हणून मी व्हिडिओ करायला लागले. आज जे लिहितेय ते त्याबद्दल, कारण मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर माझे बरेच महिने वाचले असते.

पहिला व्हिडिओ मी संध्याकाळी नदीकाठी केला. उजेड छान होता, पाण्यावर तांबूस रंग, पक्षी परतत होते, वर एक शांत म्युझिक लावलं. तो चालला, म्हणजे माझ्या मानाने खूपच चालला, व्ह्यूज वाढत गेले, खाली कमेंट येत राहिल्या की किती सुंदर, हे कुठे आहे, आम्हाला यायचंय. मी रोज रात्री ब्लॉगचे आकडे उघडून बघायचे. तिथं काहीच नाही. रोज जेवढी माणसं यायची तेवढीच. व्हिडिओ बघणारे सगळे लांबचे होते, त्यांना तो उजेड आवडला होता, आमच्या भागातल्या बसथांब्याशी त्यांचा काय संबंध?

दुसरा व्हिडिओ पूल बंद झाला तेव्हाचा. आमच्याकडचा जुना पूल दुरुस्तीसाठी बंद केला आणि पायी जाणाऱ्यांसाठी बाजूने एक तात्पुरती वाट काढली, पण ती वाट नेमकी कुठून सुरू होते हे कुणालाच कळत नव्हतं, लोक बॅरिकेडपर्यंत यायचे, थांबायचे, इकडंतिकडं बघायचे आणि परत फिरायचे. मी फोन हातात धरला आणि बॅरिकेडपासून चालायला लागले. डावीकडे वळले, पत्र्याच्या कुंपणाच्या कडेने गेले, चार पायऱ्या उतरले, लाकडी फळ्यांवरून पलीकडे. चाळीस सेकंद. म्युझिक नाही, माझा साधा आवाज, "पूल बंद आहे, पायी जाणाऱ्यांनी इकडून जायचं, गाड्या कुठून जातील आणि काम किती दिवस चालणार ते ब्लॉगवर लिहिलंय." बस. व्ह्यूज नदीकाठच्या व्हिडिओच्या जवळपाससुद्धा गेले नाहीत. पण ब्लॉगवर त्या दिवशी जी माणसं आली ती आतापर्यंतच्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त होती, आणि त्यातली कितीतरी पुढच्या आठवड्यात परत आली कारण त्याच पोस्टमध्ये मी नवीन माहिती टाकत होते.

त्या दिवशी मला कळलं की मी आत्तापर्यंत चुकीचा आकडा बघत होते. व्ह्यूज किती झाले यापेक्षा, ज्याला या गोष्टीची गरज आहे तो माणूस पोस्टपर्यंत पोचला का, आणि पोचल्यावर त्याला हवं ते मिळालं का, हे बघायला हवं. लोकल ब्लॉगचं ट्रॅफिक, म्हणजे ब्लॉगवर येणारी माणसं, मोजायची ती अशी.

मग मी जरा नीट विचार केला की त्या पुलाच्या व्हिडिओत असं काय होतं. तर व्हिडिओने ती एकच गोष्ट केली जी लिहून कधीच नीट जमली नसती. "बॅरिकेडच्या डावीकडून कुंपणाच्या कडेने पायऱ्या उतरून" हे वाक्य कितीही चांगलं लिहा, वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर ती वाट येत नाही, पण चाळीस सेकंद बघितलं की माणूस बिनचूक जातो. आणि पोस्टने ते केलं जे व्हिडिओला जमत नाही, म्हणजे तारखा, वेळा, गाड्यांचे पर्यायी रस्ते, नकाशा, बदल झाला की दुरुस्ती. हे दुरुस्तीचं फार महत्त्वाचं आहे बरं का. यूट्यूबवर एकदा व्हिडिओ चढवला की त्याच लिंकवर तुम्ही दुसरी फाइल बदलून टाकू शकत नाही, नवीन व्हिडिओ म्हणजे नवीन लिंक, आणि जुन्यावरचे व्ह्यूज, कमेंट सगळं जुन्यावरच राहतं. मधलं किंवा कडेचं थोडं कापता येतं, टायटल आणि डिस्क्रिप्शन बदलता येतं, पण तोंडाने बोललेल्या चुकीच्या तारखेच्या जागी बरोबर तारीख घालता येत नाही. पोस्टमधली तारीख मात्र मी बसमध्ये उभी राहून फोनवरून एका मिनिटात बदलते. तेव्हापासून माझा नियम ठरला, जे बदलणार आहे ते व्हिडिओत बोलायचं नाही. व्हिडिओत जागा दाखवायची, वाट दाखवायची, कशाला हात लावायचा आणि कुठल्या दारातून आत जायचं ते दाखवायचं, आणि आकडा, तारीख, वेळ, फोन नंबर आला की "ते पोस्टमध्ये आहे, मी तिथं बदलत राहीन" असं स्पष्ट सांगायचं. यात लोकांना मुद्दाम अर्धवट सोडल्यासारखं वाटत नाही कारण ते खरंच आहे, ताजी माहिती तिथंच असते, म्हणून लोक जातात.

काही जण काय करतात, व्हिडिओत उत्तर दाबून ठेवतात आणि "पुढचं वाचायला लिंकवर या" म्हणतात. कृपा करून हे करू नका. आपल्या भागातल्या माणसाला एकदा फसवल्यासारखं वाटलं की तो परत येत नाही, वर चार जणांना सांगतो, आणि लोकल ब्लॉगला ते चार जण म्हणजे मोठी गोष्ट असते. पायी कुठून जायचं हे मी व्हिडिओत पूर्ण दाखवलं होतं. ज्याला तेवढंच हवं होतं तो बघून गेला आणि गेला तर गेला, त्याचं काम झालं.

आता लिंकबद्दल. इथं मी सगळ्यात जास्त वेळ वाया घालवला कारण मला वाटायचं लिंक टाकली की काम झालं. पण प्रत्येक ठिकाणी लिंक वेगळी वागते. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या किंवा रीलच्या कॅप्शनमध्ये तुम्ही पत्ता लिहिला तर तो नुसता मजकूर म्हणून दिसतो, त्यावर दाबून काही होत नाही, कमेंटमध्ये टाकला तरी तेच. चालते ती बायोमधली, म्हणजे प्रोफाइलवर स्वतःची ओळख लिहितो तिथली लिंक, आणि तिथं २०२३ पासून पाच लिंक ठेवता येतात, आधी एकच ठेवता यायची म्हणून लोक दुसऱ्या साइटवर लिंकांची यादी करून ठेवायचे. शिवाय स्टोरीमध्ये लिंकचं स्टिकर लावता येतं, ते आधी फक्त मोठ्या अकाउंटना होतं, २०२१ च्या ऑक्टोबरपासून सगळ्यांना मिळालं. म्हणजे रील टाकली की तीच रील स्टोरीला लावायची आणि तिच्यावर त्याच पोस्टची लिंक चिकटवायची. मी बरेच दिवस कॅप्शनच्या शेवटी अख्खी लांबलचक लिंक लिहीत होते आणि वाट बघत होते, कोण ती कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकणार, कुणीच नाही.

यूट्यूबच्या शॉर्ट्सचंही, म्हणजे तिथल्या छोट्या उभ्या व्हिडिओंचंही तसंच. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधल्या आणि कमेंटमधल्या लिंकवर दाबता येत नाही, स्पॅम आणि फसवणुकीच्या लिंक फार वाढल्या होत्या म्हणून त्यांनी ते बंद केलं. शॉर्ट्सवरून तुमच्याच चॅनेलवरच्या दुसऱ्या व्हिडिओकडे नेणारी लिंक देता येते, म्हणजे वाट अशी होते की शॉर्टवरून मोठ्या व्हिडिओवर, तिथून डिस्क्रिप्शन उघडून ब्लॉगवर. आता तुम्हीच सांगा, बसमध्ये उभा असलेला माणूस एवढ्या उड्या मारेल का? थोडे मारतात, पण प्रत्येक उडीला माणसं गळतात. म्हणून शॉर्ट्समधून थेट क्लिक येतील ही अपेक्षा मी सोडली आणि त्याऐवजी ब्लॉगचं नाव बोलायला आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहायला लागले. नाव ऐकून माणूस ते सर्चमध्ये टाइप करतो. त्यासाठी नाव सरळ पाहिजे, एकदा ऐकलं की लिहिता येईल असं. तुमच्या ब्लॉगच्या नावात मध्येच आकडे, डॅश, दोन वेळा आलेलं एखादं अक्षर असेल तर व्हिडिओत ते सांगताना तुमचीच जीभ अडखळेल, तेव्हा कळेल.

मोठ्या व्हिडिओला डिस्क्रिप्शनमधली लिंक चालते, पण नवीन चॅनेल असेल तर ती दाबता येण्यासारखी व्हायला आधी अकाउंटचं व्हेरिफिकेशन करून घ्यावं लागतं, ते बघा. आणि डिस्क्रिप्शन पाच हजार अक्षरांपर्यंत लिहिता येत असलं तरी न उघडता पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, म्हणून लिंक पहिल्या ओळीत हवी, "नमस्कार मित्रांनो स्वागत आहे" नंतर नको. व्हिडिओवर मध्येच जे कार्ड येतं त्यातून बाहेरच्या साइटची लिंक द्यायला चॅनेल त्यांच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये, म्हणजे व्हिडिओवर पैसे मिळतात त्या योजनेत, असावा लागतो, आपल्यासारख्या छोट्या चॅनेलला ते बहुतेक नसतंच, तेव्हा पिन केलेली, म्हणजे सगळ्यात वर अडकवून ठेवलेली कमेंट वापरायची. पिन केलेल्या कमेंटमध्ये मी नुसती लिंक देत नाही, एक ओळ लिहिते, "गाड्यांचे पर्यायी रस्ते आणि नकाशा इथे, आज सकाळी बदल केलाय". आज सकाळी हा शब्द काम करतो, आणि तो खराच असायला हवा.

लिंक कुठली द्यायची हेही. आधी मी सगळीकडे ब्लॉगच्या मुख्य पानाची लिंक द्यायचे. माणूस पुलाचा व्हिडिओ बघून यायचा आणि त्याला समोर दिसायचं वाचनालय, त्याखाली झाडांची माहिती, त्याखाली आणखी काहीतरी. तो शोधत बसत नाही, परत जातो. आता ज्या विषयाचा व्हिडिओ त्याच पोस्टची लिंक, आणि त्या पोस्टच्या वरच्याच दोन ओळींत व्हिडिओत जे सांगितलं त्याचं पुढचं उत्तर. व्हिडिओत "गाड्या कुठून जातील" म्हटलं असेल तर पोस्ट उघडल्या उघडल्या गाड्यांचंच दिसलं पाहिजे, पुलाचा इतिहास खाली. मला इतिहास आवडतो, मी आधी तोच वरती लिहायचे, पण घाईत आलेल्या माणसाला त्याचं काय.

प्रोफाइलबद्दल थोडक्यात सांगते. सगळीकडे एकच नाव, एकच फोटो, आणि बायोत आपण कुठल्या भागाबद्दल लिहितो हे पहिल्या काही शब्दांत. इन्स्टाग्रामवर युजरनेम वेगळं आणि नाव वेगळं असतं आणि दोन्ही सर्चमध्ये बघितलं जातं, तर त्या नावाच्या रकान्यात भागाचं नाव घालायचं, लोक भागाचं नावच टाइप करतात, तुमच्या ब्लॉगचं नाव त्यांना कुठून माहिती असणार. यूट्यूबवर व्हिडिओच्या डिटेल्समध्ये कुठे शूट केलंय ते ठिकाणही टाकता येतं, टाका. आणि आठ ठिकाणी प्रोफाइल उघडून सहा ओसाड सोडण्यापेक्षा दोनच नीट सांभाळा. सहा महिने काही न टाकलेलं प्रोफाइल बघून माणसाला वाटतं ब्लॉगही बंद पडला असेल.

आता व्हॉट्सअ‍ॅप. लोकल ब्लॉगचा खरा रस्ता हाच आहे असं माझं ठाम मत झालंय, बाकी सगळं त्याच्या मागे. तिथं पोस्टची लिंक टाकली की खाली एक छोटा फोटो आणि टायटल येतं, ते प्रिव्ह्यू. ते कुठून येतं तर पानाच्या आत लिहिलेल्या ओपन ग्राफ नावाच्या टॅगमधून, फेसबुकने २०१० मध्ये आणलेली ही पद्धत आता जवळपास सगळेच वापरतात. माझ्या पुलाच्या पोस्टला मी फोटोच नेमून दिला नव्हता, त्यामुळे ग्रुपवर लिंक गेली ती नुसत्या निळ्या अक्षरांची ओळ म्हणून, आणि अनोळखी निळ्या ओळीवर लोक आजकाल दाबत नाहीत आणि ते बरोबरच आहे. मग मी बॅरिकेडचा आडवा फोटो काढला, १२०० बाय ६३० पिक्सेलचा कापला, पोस्टला लावला, टायटल बदलून "पूल बंद, पायी कुठून आणि गाडीने कुठून" असं केलं. तीच पोस्ट, तीच लिंक, पण आता ग्रुपवर टाकली की बॅरिकेड दिसायचं. लोकांनी ते रोज बघितलेलं होतं. ओळखीची वस्तू दिसली की माणूस थांबतो.

आणखी एक गोष्ट जी मला माझ्याच व्हिडिओने शिकवली. पूल बंद झाल्यावर तिसऱ्याचौथ्या दिवशी तो व्हिडिओ फॉरवर्ड होऊन मलाच आला, एका नातेवाइकांच्या ग्रुपवरून, "सगळ्यांनी बघा उपयोगी आहे" अशा ओळीसकट. आनंद झाला, पण लगेच लक्षात आलं की ही लिंक नाहीये, कुणीतरी व्हिडिओ उतरवून घेऊन फाइल म्हणून पाठवलाय. खाली डिस्क्रिप्शन नाही, कमेंट नाही, चॅनेलचं नाव नाही, मी केलेली सगळी लिंकांची मांडणी गायब. व्हिडिओ भागभर फिरतोय आणि बघणाऱ्याला पुढची माहिती कुठे मिळेल हे कळायला काही मार्गच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक व्हिडिओच्या चित्रातच, खालच्या बाजूला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ब्लॉगचं नाव ठेवते, आणि शूट केलेली तारीखही. तारीख यासाठी की फाइल महिनोन्महिने फिरत राहते, पूल उघडल्यावरसुद्धा कुणीतरी "पूल बंद आहे" म्हणून ती पाठवणार, तेव्हा बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हे जुनं आहे. नाव अगदी तळाला चिकटवू नका, उभ्या व्हिडिओवर तिथं अ‍ॅपची स्वतःची बटणं आणि कॅप्शन येतात आणि आपलं नाव त्याखाली झाकलं जातं, थोडं वर घ्या.

ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी, करायचं कुणी सुचवत असेल तर त्यात २५६ च नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे आधी माहिती असू द्या. मेसेज एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येतो, ही मर्यादा २०१९ पासून सगळीकडे आहे, त्यामुळे एका माणसाने शंभर ग्रुपवर टाकण्यापेक्षा वीस माणसांना ते आपापल्या ग्रुपवर टाकावंसं वाटणं हेच खरं. आणि ग्रुपवर टाकायचं तर आधी अ‍ॅडमिनला विचारा. मी कुठल्याही ग्रुपवर नुसती लिंक टाकून पळत नाही. कुणी विचारलं असेल तर उत्तर आधी तिथंच लिहिते, पूर्ण, दोन ओळीत, आणि मग "सविस्तर इथे" म्हणून लिंक. लोकांना दिसतं की ही बाई आधी उत्तर देते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की मी उत्तर द्यायच्या आधी दुसरंच कुणीतरी माझी लिंक देतं, आणि असं पहिल्यांदा झालं ना, तेव्हा मला जो आनंद झाला तो नदीकाठच्या व्हिडिओच्या सगळ्या व्ह्यूजने नव्हता झाला.

शूटिंगचं फार सांगत नाही, ते खूप जण सांगतात. आवाज नीट येऊ दे, वाऱ्याकडे पाठ करा, पहिल्या दोन सेकंदात जागा ओळखू येईल असं काहीतरी दाखवा, आणि बोललेलं अक्षरातही लिहा कारण कितीतरी लोक आवाज बंद करून बघतात. कुणाचा चेहरा येत असेल तर विचारा, लहान मुलं असतील तर कॅमेरा दुसरीकडे वळवा. आपण त्याच माणसांत रोज वावरतो.

पोस्टमध्ये व्हिडिओ एम्बेड करायचा का, म्हणजे पोस्टमध्येच चालेल असा बसवायचा का, तर हो, पण सांभाळून. मी उत्साहात पुलाच्या पोस्टमध्ये एकाखाली एक तीन व्हिडिओ लावले होते, माझ्या घरच्या वायफायवर झकास उघडायचं. मग एकदा पुलाजवळच उभं राहून, साध्या फोनवर, एका अ‍ॅपमधून लिंक दाबून पाहिली तर त्या अ‍ॅपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये पान उघडायला लागलं आणि पांढरंच राहिलं. मी उभी. माणसं बाजूने जातायत आणि माझ्या हातात पांढरं पान. ज्याला तिथंच उभं राहून वाट शोधायचीय त्याच्यासाठी मी लिहिलं होतं आणि त्यालाच ते उघडत नव्हतं. एम्बेड केलेला प्रत्येक व्हिडिओ स्वतःबरोबर बराच कोड ओढून आणतो, बघणाऱ्याने प्ले दाबलं नाही तरी. आता एकच व्हिडिओ ठेवते, तोही मजकुराच्या खाली, आणि लेझी लोडिंग चालू करून, म्हणजे माणूस खाली सरकवत तिथवर आला तरच तो लोड होतो. तुमच्या ब्लॉगच्या सेटिंगमध्ये किंवा थीममध्ये हे मिळेल, नाहीतर एम्बेडच्या कोडमध्ये एक शब्द घालावा लागतो. आणि व्हिडिओ न बघता पोस्ट पूर्ण कळली पाहिजे, कारण डेटा संपलेला माणूसही वाचतो.

एक गैरसमजही दूर करते, मलाही होता. व्हिडिओ लावला की गुगलच्या निकालात आपल्या पोस्टशेजारी व्हिडिओचं छोटं चित्र येईल असं मला वाटायचं. २०२३ पासून गुगल ते फक्त ज्या पानावर व्हिडिओ हाच मुख्य मजकूर आहे त्याच पानांना दाखवतं, आपल्या पोस्टमध्ये मजकूर मुख्य आणि व्हिडिओ जोडीला असतो, त्यामुळे ते मिळत नाही. आणि यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमधल्या लिंकवर नोफॉलोची खूण असते, म्हणजे त्या लिंकने सर्चमधलं वजन वाढेल असं धरून चालू नका. त्या लिंका माणसांसाठी आहेत, माणूस दाबतो आणि येतो, तेवढ्याने पुरतं.

कोण कुठून आलं हे कळायला मी लिंकच्या शेवटी यूटीएमच्या खुणा लावते, म्हणजे ती लिंक कुठे टाकली होती ते सांगणारे छोटे शब्द जोडते. हे नाव अर्चिन नावाच्या कंपनीवरून आलंय, गुगलने २००५ मध्ये ती विकत घेतली आणि तिच्यातूनच गुगल अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे साइटवर किती माणसं कुठून आली ते मोजणारं साधन, झालं. करायचं एवढंच की इन्स्टाच्या बायोसाठी एक खूण, यूट्यूबसाठी दुसरी, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना तिसरी. हे न करता अ‍ॅनालिटिक्स बघितलं तर मेसेजमधून आलेली बहुतेक माणसं "डायरेक्ट" मध्ये जाऊन बसतात, जणू ती पत्ता टाइप करून आलीत, आणि आपल्याला वाटतं व्हॉट्सअ‍ॅपवरून कुणी येतच नाही. मी तसंच समजून महिनाभर ग्रुपवर टाकणं बंद केलं होतं. खुणा लावल्यावर दिसलं की सगळ्यात जास्त माणसं तिथूनच येतायत. शहराचा आकडाही बघते पण त्यावर फार भरवसा ठेवत नाही, मोबाइल नेटवर्कवरचा माणूस कधीकधी भलत्याच शहरात दाखवला जातो. त्यापेक्षा परत आलेली माणसं किती ते बघा, लांबचा माणूस आपल्या बसथांब्यासाठी दुसऱ्यांदा येत नाही.

कशावर व्हिडिओ करायचा हे सुचत नसेल तर नवीन काही शोधू नका, गुगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन उघडून तुमच्या जुन्या पोस्टवर लोक काय टाइप करून येतात ते वाचा. माझ्याकडे "कुठून जायचं", "गेट कुठे आहे", "आत जायला काय लागतं" असलेच शब्द निघाले. प्रत्येक "कुठून" हा एक व्हिडिओ आहे. वाचनालयाच्या पोस्टवर लोक मागचं दार शोधत यायचे, मी वीस सेकंदांचा व्हिडिओ केला, रस्त्यावरून बोळात, बोळातून दारात, आणि ती दोन वर्षं जुनी पोस्ट परत वाचली जायला लागली.

काही जण मला विचारतात की मग ब्लॉग कशाला, सगळं प्रोफाइलवरच टाक ना, लोक तिथंच आहेत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस २ एप्रिल २०१९ ला, तिथं लोकांनी किती जीव लावून लिहिलं होतं, गावांचे, शाळांचे, मोहल्ल्यांचे ग्रुप होते, ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नाही त्यांचं गेलं. मला आमच्या भागाबद्दलचं लिखाण अशा ठिकाणी हवंय जिथं दहा वर्षांनी कुणी शोधलं तरी ते सापडेल आणि मी ते दुरुस्त करू शकेन. म्हणून प्रोफाइलवर बोलावणं, आणि माहिती घरी.

पुलाच्या पोस्टवर एक कमेंट आली होती, "ताई, त्या वाटेवर रात्री दिवे नाहीत, फळ्या दिसत नाहीत, ते पण लिहा." मी दुपारी शूट केलं होतं, माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर गेले, टॉर्च लावून पायऱ्यांचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढला, चौथ्या पायरीनंतर एक फळी थोडी वर आलेली आहे तिथं टॉर्च धरून थांबले. पोस्टमध्ये सगळ्यात वर "रात्री जाणार असाल तर" म्हणून परिच्छेद टाकला, स्टोरीला लिंक लावली, कमेंट करणाऱ्याला उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तो परिच्छेद कुणीतरी जसाच्या तसा ग्रुपवर टाकलेला, खाली ब्लॉगचं नाव हाताने टाइप करून.

पूल अजून उघडलेला नाही. काही बदललं की त्याच पोस्टमध्ये वर तारीख टाकून लिहीन, आणि तुमच्यापैकी कुणी त्या वाटेने गेलात आणि ती फळी बसवलेली दिसली तर कमेंटमध्ये सांगा, मी काढून टाकते ते वाक्य.